ओसाड गावाची फुटबॉल टीम

मला स्वतःला फुटबॉल कधी धड खेळता आला नाही. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात माडाच्या झावळीच्या देठाची बॅट करून आम्ही चेंडूफळी खेळायचो, तेवढाच माझा खेळाशी संबंध. पण कतारमध्ये दुखानला नोकरीला आलो आणि दर शुक्रवारी कुठे ना कुठे फुटबॉल बघायला जायचं वेड लागलं. त्याचं कारण फुटबॉल कमी आणि माझा स्वभाव जास्त, असं आता वाटतं.

तेल कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होतो. साहेबांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे मेणकापडावर शाईने उतरवायचे. सहा दिवस मान खाली. बसून राहणं हे काम, आणि बसवत नाही हा स्वभाव. मुंबईत मी याच स्वभावापायी तीन नोकऱ्या सोडल्या होत्या. इथे मात्र सोडून जायला जागाच नव्हती. एका बाजूला समुद्र, बाकी सगळीकडे दगड आणि वाळू. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की बराकीतले बाकीचे लोक जेवून पंख्याखाली झोपत. मी चटई अंथरायचो, पाच मिनिटांत उठायचो, दारात जाऊन यायचो, पुन्हा आडवा व्हायचो. शेजारच्या खाटेवर आमच्याच बाजूचा एक फिटर होता. तो एकदा कंटाळून म्हणाला, बाबा, तू बाहेर तरी जा, आम्हाला झोपू दे.

बाहेर गेलो तर वर्कशॉपवाले आणि ड्रायव्हर लोक यांची मॅच चालली होती. मैदान म्हणजे दगड वेचून सपाट केलेली वाळू. धूळ उडू नये म्हणून तिच्यावर कच्चं तेल मारलेलं. अनवाणी खेळणाऱ्यांचे तळवे काळेकुट्ट होत, मग ते रॉकेलने पुसत बसत. गोलपोस्टं जुन्या पाइपांची. बघणारे पिंपांवर बसलेले. वाऱ्याने चेंडू एकदा बाहेर गेला की तो आणायला कुणीतरी अर्धा फर्लांग धावायचं. मी त्या दिवशी शेवटपर्यंत उभा राहिलो, आणि परत येताना लक्षात आलं की इतका वेळ मी एकाच जागी होतो.

तेव्हापासून पाण्याचा टँकर, सामानाचा ट्रक, जे मिळेल त्यात बसून मी मैदानं बघत फिरू लागलो. पंपिंग स्टेशनजवळ एक होतं. दक्षिणेकडच्या बंदरावर एक होतं, तिथे गोलच्या मागे जहाजं उभी दिसत. दोह्याला समुद्राला लागून एक होतं, भरती आली की एका कोपऱ्यात पाणी चढे आणि त्या बाजूचा खेळाडू घोट्याएवढ्या पाण्यात उभा राही. पुढे पुढे मॅच नसली तरी मी जाऊ लागलो. रिकाम्या मैदानावर चालायचं आणि जो भेटेल त्याला विचारायचं, इथे आधी कोण खेळायचं? टीमा फार लवकर मरत. एखाद्या कामाचं कंत्राट संपलं, कॅम्प उठला, की टीम संपली. दोन वर्षांनी विचाराल तर तिचं नावही कुणाला आठवत नसे. याचा मला उगाच त्रास व्हायचा. का व्हावा ते सांगता येत नाही.

साठ सालानंतर माझी बदली दोह्याच्या ऑफिसात झाली. राहायला दोन खोल्या मिळाल्या, म्हणून बायको आणि तीन वर्षांची मुलगी गावाहून आल्या. बायकोला वाटलं होतं, माणूस आता घरात बसेल. मी सर्व्हे पार्टीबरोबर बाहेर जायचं काम मागून घेतलं.

त्या पार्टीबरोबर एकदा आम्ही उत्तरेच्या किनाऱ्याला गेलो. तिथे एक ओसाड गाव लागलं. दगडमातीची घरं उभी होती, छपरं बसलेली. छोटी मशीद शाबूत होती. विहिरीवरची रहाटाची लाकडं कुणी काढून नेलेली. आणि गावामागे, समुद्राच्या बाजूला, सपाट जागेवर दोन गोलपोस्टं. पाइपाची नव्हेत, लाकडाची. जवळ गेलो तर लाकूड ओळखीचं वाटलं. उभे खांब डोलकाठीचे तुकडे होते आणि आडवं लाकूड म्हणजे शीड ज्याला बांधतात ते परबाण. आमच्या खाडीत मोडलेल्या मचव्याच्या लाकडांनी लोक गोठे बांधत. इथे त्यांनी गोल बांधला होता.

आमचा ड्रायव्हर कतारी होता, माझ्याच वयाचा. जुन्या मुंबई व्यापारामुळे इकडच्या बऱ्याच लोकांना थोडी हिंदुस्तानी येत असे, त्यालाही येई. मी विचारलं, इथे कोण खेळायचं? तो म्हणाला, या गावचे कोळी. मोत्यांचा धंदा बसल्यावर इथली पोरं दुखानला कामाला आली, तिथे फुटबॉल शिकली आणि चेंडू घेऊन गावी परत गेली. एकदा या लोकांनी आम्हा ड्रायव्हरांच्या टीमला इथे बोलावून हरवलं होतं. वाऱ्याच्या बाजूने कसं खेळायचं ते त्यांना बरोबर ठाऊक.

"मग टीम मोडली कशाने?"

विहीर मचूळ झाली, तो म्हणाला. लोक गाव सोडून गेले. काही दोह्याला, काही दुखानला. तेवढ्यावर तो थांबला असता, पण मी पुढे विचारत राहिलो, तेव्हा त्याने सांगितलं की गाव उठल्यावरही ते लोक एकदा इथे येऊन खेळणार होते, ते जमलं नाही, आणि त्यावरून त्यांच्यात वाकडं आलं. जास्त त्याला माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात माझं कामात लक्ष लागलं नाही. ट्रेसिंगवर शाई सांडली, साहेब बोलला. पुढच्या शुक्रवारी मी ड्रायव्हरला घेऊन त्या टीमच्या गोलकीपरकडे गेलो. तो आता दोह्यात एका शाळेचा चौकीदार होता. मोठ्या हाताचा, हसरा माणूस. फाटकाजवळच्या बाकावर त्याने आम्हाला बसवलं, चहा पाजला आणि आनंदाने सगळं सांगितलं. चेंडू शिवायला मासे पकडायच्या जाळ्याचा दोरा कसा वापरायचे, पलीकडच्या गावच्या टीमला कसं रडवलं, कप्तान किती कडक होता. पण शेवटच्या मॅचशी आला तसा त्याचा चेहरा उतरला.

गाव सोडताना सगळ्यांचं ठरलं होतं की रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी गावी जमायचं. दोह्याला गेलेले विरुद्ध दुखानला गेलेले, अशी आपसांत मॅच खेळायची, आणि दर वर्षी हे चालू ठेवायचं. तेव्हा हा दुखानला होता. तिथले सातही जण आले. एकाचा हात मोडून गळ्यात बांधलेला होता, तोही आला. सूर्य बुडेपर्यंत बसले. दोह्याचं एकही माणूस आलं नाही.

"कप्तानाने शब्द मोडला," तो म्हणाला. "माझा दूरचा चुलतभाऊ आहे तो. रस्त्यात भेटला तर सलाम होतो. त्या दिवसाचं नाव त्याने कधी काढलं नाही, मीही काढलं नाही."

कप्तानाचं सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, दुकान होतं. दोर, गळ, डांबर, शिशाची वजनं असला माल. मी तिथे जाऊ लागलो. पहिल्या दिवशी सरळच विचारलं, तुमच्या गावची गोलपोस्टं पाहिली, त्या टीमबद्दल सांगाल का? उंच, कोरडा माणूस. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "ते खलास झालं," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. रिकाम्या हाताने उठणं बरं दिसेना म्हणून मी थोडा दोर विकत घेतला. पुढच्या वेळीही तसंच झालं. त्याच्या पुढच्या वेळीही. घरात दोराची वेटोळी जमू लागली. बायकोने एक वेटोळं कपडे वाळत घालायला घेतलं, एक मुलीच्या झोपाळ्याला, आणि मग मला विचारलं की आता आपण गलबत घेणार आहोत का.

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, त्या माणसाला सांगायचं नाही तर तुम्ही का मागे लागता? जावंसं वाटतं, इतकंच म्हणालो.

काही आठवड्यांनी मुलगी माझ्याबरोबर दुकानात आली होती. ती दोराच्या ढिगावर चढून बसली. कप्तान पहिल्यांदा हसला. कुटुंब इथे आहे का, त्याने विचारलं. आहे म्हटल्यावर म्हणाला, मग शुक्रवारी जेवायला या, सगळे. टीमबद्दल अवाक्षर नाही.

आम्ही गेलो. मला पुरुषांच्या बैठकीत बसवलं, बायको आणि मुलगी आतल्या चौकात बायकांकडे गेल्या. मासा आणि भात झाला, वेलचीची कॉफी झाली. कप्तान माझ्याशी कोकणातल्या बंदरांबद्दल बोलला. त्याचा बाप लाकूड आणायला त्या बाजूला गेलेला होता. बाकी काही नाही. मी आतून तडफडत होतो, मांडी सारखी बदलत होतो, पण यजमानाच्या घरात तो विषय काढणं शोभलं नसतं.

परत येताना वाटेत बायको म्हणाली, तुमचं काम मी करून आले. कप्तानाच्या आईला कापडवाल्यांमुळे बरेच हिंदुस्तानी शब्द येत होते, उरलेलं हातांनी. म्हातारीने आपणहून गावाचा विषय काढला आणि बोलता बोलता मुलाचं दुःख सांगून टाकलं. ठरल्याप्रमाणे ईदच्या दुसऱ्या दिवशी तो ट्रक भाड्याने करून दोह्याच्या सगळ्यांना घेऊन गेला होता. नवा चेंडू घेतला होता. दुखानचं कुणी आलं नाही. रात्री घरी आला तो जेवला नाही, आणि चेंडू कुणाला तरी देऊन टाकला. त्या दिवसापासून तो गावाकडे फिरकलेला नाही.

मी रस्त्यात थांबलो. म्हणालो, असं कसं होईल? तो गोलकीपर म्हणतो आम्ही ईदच्या दुसऱ्या दिवशी गेलो. ही म्हातारी म्हणते हे ईदच्या दुसऱ्या दिवशी गेले. एक जण खोटं बोलतो आहे.

बायकोने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"कुठली ईद?" ती म्हणाली. "दोघांची ईद एकाच दिवशी होती का?"

मला ते सुचलं नव्हतं. तिचं माहेर खाडीच्या पलीकडे. लहानपणापासून तिने पाहिलेलं होतं की अलीकडच्या तीरावर ढग असले तर चंद्र दिसत नाही, पलीकडे दिसतो, आणि होडी निरोप घेऊन येईपर्यंत एका गावची ईद होऊन जाते, दुसऱ्या गावात रोजा चालू असतो.

मी घरी न जाता तसाच ड्रायव्हरकडे गेलो. तोही त्या काळात दुखानला होता. त्याला मी विचारलं, गाव उठलं त्यानंतरची ईद आठवते का? त्याने जरा विचार केला आणि आठवलं. तिकडे धुळीचं वादळ होतं. चंद्र दिसला नाही, सगळ्यांनी सेहरी करून रोजा धरला. दोह्यात चंद्र दिसल्याची खबर दुखानला आली ती जोहरनंतर, दुपारची नमाज झाल्यावर. रोजा तिथेच सोडला, पण ईदच्या नमाजेची वेळ टळून गेली होती, म्हणून नमाज दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. कॅम्पात सगळ्यांनी ईद म्हणून तोच दिवस धरला. दोह्याच्या हिशेबाने तो ईदचा दुसरा दिवस होता, म्हणजे त्याच दुपारी कप्तान गावी मैदानावर बसून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातून काहीतरी निमित्त काढून मी सूकमध्ये गेलो. कप्तान दोर मोजत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, दुखानला त्या वर्षी ईद एक दिवस उशिरा झाली. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी ते लोक आले होते. त्याने मोजणं थांबवलं नाही. दोर हातावर गुंडाळला, गाठ मारली, बाजूला ठेवला. मग विचारलं, "कोण कोण आले होते?"

मी गोलकीपरने सांगितलं होतं तसं सांगितलं. हात मोडलेल्या माणसाचं सांगितलं.

तो उठला, शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगितलं आणि चालू लागला. मी मागे. त्याची ढांग लांब होती, मला जवळजवळ धावावं लागत होतं. तो शाळेकडे निघालाय हे कळल्यावर मला बरं वाटलं. आता हे दोघे गळ्यात पडतील, असं चित्र मी चालता चालता मनात रंगवलं. तसं झालं नाही. गोलकीपर फाटकात उभा होता. कप्तान त्याच्यासमोर थांबला.

"तुम्ही आला होतात," तो म्हणाला.

"आलो होतो. सूर्य बुडेपर्यंत बसलो."

"हे मला एका हिंदी माणसाने येऊन सांगायचं? तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

गोलकीपरही चिडला. अरबीत दोघांचं जोरात सुरू झालं, मला अर्धंच कळत होतं. शाळेच्या खिडक्यांत पोरं जमली. शेवटी कप्तान आला तसा निघून गेला. माझ्याजवळून जाताना थांबलाही नाही. गोलकीपर बाकावर बसला आणि मला म्हणाला, जा अखी, भावा, तू आता जा.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. निजलेलं भांडण मी उकरून काढलं आणि आधी निदान सलाम तरी होत होता तोही घालवला, असं डोक्यात घोळत राहिलं. सूकमध्ये जायचं धाडस होईना. शुक्रवारी समुद्राकाठच्या मैदानावर गेलो, मॅच चालू होती, पण पहिला अर्धा खेळही बघवला नाही. उठलो, दुसऱ्या मैदानावर गेलो, तिथे कुणी नव्हतं. बायको मात्र शांत होती. म्हणाली, भांडले ना? म्हणजे बोलले.

मग एक दिवस ड्रायव्हर घरी आला. कप्तानाने शुक्रवारसाठी ट्रक ठरवला आहे, म्हणाला. बायका-मुलांना बरोबर घ्या, असा निरोप आहे.

दोन ट्रक निघाले. एकात बायका, पोरं, भांडी, तांदळाचं पोतं. दुसऱ्यात पुरुष. गोलकीपर आधीच बसलेला होता आणि कप्तान त्याच्या शेजारी. ते माझ्याशी नेहमीसारखे बोलले, एकमेकांशी मात्र जपून बोलत होते, जेवढ्यास तेवढं. जुन्या टीमपैकी दोघे वारले होते, एक कुवेतला होता. हात मोडलेला माणूस आला होता. हात नीट बसला नव्हता, कोपरात वाकडा राहिला होता.

गावात पोचल्यावर पुरुष आधी आपापल्या पडक्या घरांत जाऊन आले. मग मैदान साफ झालं. एका गोलचं परबाण पडलं होतं, ते दोर बांधून पुन्हा चढवलं. पुरुष आणि मोठे मुलगे मिळून दोन बाजू केल्या, तर एका बाजूला एक माणूस कमी पडला. कप्तानाने माझ्याकडे बोट केलं.

मी म्हटलं, मला येत नाही. तो म्हणाला, इतकी मैदानं बघितलीस, उभं तर राहता येईल.

मी पायजमा वर खोवून डाव्या बाजूला उभा राहिलो. चेंडू माझ्याकडे एकदाच आला. मी पाय मारला तो चेंडूला लागला नाही, मी तोल जाऊन पडलो आणि मशिदीच्या सावलीत बसलेल्या बायका हसल्या, त्यात माझी बायकोही होती. चेंडू माझ्यामागून गेला तो कप्तानाने घेतला. त्याच्या समोर गोलात तो मोठ्या हाताचा चौकीदार. दोघांचीही वयं झाली होती, दम लागला होता. कप्तानाने चेंडू मारला, चौकीदाराने उडी न मारता नुसता हात लांब करून अडवला, चेंडू छातीशी धरला आणि काहीतरी म्हणाला. कप्तान वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून हसत राहिला. काय म्हणाला ते मी नंतर ड्रायव्हरला विचारलं, त्यालाही ऐकू गेलं नव्हतं.

टीम काही पुन्हा उभी राहिली नाही. दर वर्षी यायचं असं त्या दिवशी ठरलं, इन्शाल्ला म्हणाले, पण पुढच्या वर्षी कुणाचं लग्न निघालं, कुणाची नोकरी बदलली. मात्र संध्याकाळी शाळेचं फाटक बंद झालं की गोलकीपर दोराच्या दुकानात येऊन बसू लागला. बायको कप्तानाच्या आईकडे आपली आपण जाऊ लागली. सुकवलेल्या शार्कचं कालवण करायला ती तिथेच शिकली आणि अजून करते.

त्या शुक्रवारी परतीच्या वाटेवर मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे सगळे थकून पेंगत होते. मला समाधान वाटायला हवं होतं. थोडं वाटतही होतं. पण रस्ता संपत आला तसे माझे पाय पुन्हा चुळबुळायला लागले. मी त्याला विचारलं, त्या लोकांनी रडवलेली ती पलीकडच्या गावची टीम, तिचं मैदान कुठे होतं?

तो म्हणाला, तिथे आता काही नाही. गोलपोस्टंसुद्धा नाहीत.

मी म्हटलं, जागा तर असेल. पुढच्या शुक्रवारी जाऊ.